आमच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमचा पुढचा कोच कोण? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या महिन्यात जे प्रश्न आले त्यातले सहा एकाच गावातून, एकाच कॉलेजबद्दल आले, म्हणून यावेळचं पूर्ण पान त्यालाच दिलंय. गाव वर्धा नदीच्या काठचं, यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्याच्या सीमेवरचं, तालुक्याचं ठिकाण. तिथं फुटबॉल आधी खाणीच्या कॉलनीत आला आणि मग शेतकऱ्यांच्या पोट्ट्यांनी तो उचलला. कॉलेजचे क्रीडा संचालक सर, ज्यांनी इतकी वर्षं टीम उभी ठेवली, ते साठ वर्षांचे होऊन रिटायर होताहेत आणि त्यांच्या जागी टीम कोण पाहील यावर गाव पेटलंय. कॉलेजचं नाव, सरांचं नाव आणि ज्यांची चर्चा आहे त्या चौघांची नावं मी छापत नाही, कारण अजून काही ठरलेलं नाही आणि त्यातल्या तिघांना उद्या त्याच गावात राहायचं आहे.

प्रश्न : भाऊ, नमस्कार. आमच्या फुटबॉलचे सर रिटायर होऊन राहिले अन् गावात दोन महिन्यापासून दुसरा विषयच नाही, सकाळी पानठेला, दुपारी एसटी स्टँड, संध्याकाळी मैदानाच्या पाळीवर, जिथं जाल तिथं हेच. चार नावं चर्चेत हायेत. एक नागपूरचा कोच, बी लायसन्सवाला, हप्त्यातून तीन दिवस येतो म्हणते. दुसरा आपल्याच कॉलेजातला तासिकेवरचा सर, मूळचा कबड्डीचा, पण चार वर्षांपासून मोठ्या सरांच्या हाताखाली फुटबॉलचे फॉर्म, गाडी, जेवण सगळं तोच पाह्यते. तिसरा आपला जुना स्टॉपर, म्हणजे गोलासमोरचा मधला बचाववाला, युनिव्हर्सिटीकडून खेळून कलर कोट घेतलेला, आता खाणीत नोकरीवर हाय, ड्युटी सांभाळून येतो म्हणते. अन् चौथं नाव पोरींच्या टीमच्या जुन्या कॅप्टनचं, बीपीएड, म्हणजे खेळशिक्षकाची डिग्री, झालेली हाय, इथल्याच एका शाळेत शिकवते. आमच्यात पार पार्ट्या पडल्या, दोघं-तिघं तर एकमेकांशी बोलत नाहीत. मागच्या साली आपण सेमीफायनलले टायब्रेकरमध्ये, पेनल्टीवर, हरलो, तवापासून सगळ्याइले वाटते की नावाचा कोच आणला तर यंदा फायनल पक्की. तुमचं काय मत हाय ते खरं खरं सांगजा.
— पानठेल्यावरचे आम्ही सात जण

उत्तर : राजेहो, पहिले एकमेकांशी बोलायला लागा. ज्या पोट्ट्यांसाठी भांडून राहिले ते रोज तुमच्यासमोरूनच मैदानावर जातात, आणि कोणता काका कोणत्या पार्टीत आहे हे त्यांना बरोबर समजतं.

तुमचं मैदान मी पाहिलंय. दोन वर्षांआधी पोळ्याच्या आदल्या आठवड्यात एका मॅचसाठी आलो होतो तेव्हा मुक्काम पडला आणि सकाळी साडेपाचला प्रॅक्टिस पाहायला गेलो. रात्री पाऊस झालेला, काळी माती, अजून नीट उजाडलेलं नाही, आणि एक पोरगा गोलपोस्टला पाठ टेकून सायकलच्या तुटक्या स्पोकनं बुटाच्या तळाची माती काढून राहिला होता, काढली की चार पावलं चालला की परत तेवढाच लपका चिकटला की परत बसला. त्या मातीत बॉल टप्पा घेतच नाही, पडला की तिथंच बसतो. म्हणून तुमचे सर ऑगस्टमध्ये मोठ्या मैदानावर जमिनीवरचं पासिंग घेतच नव्हते, तिथं फक्त उचलून मारणं आणि हेडिंग, आणि छोट्या पासचं सगळं काम बाजूच्या मुरमाच्या पट्टीवर, दहा-दहा मिनिटं, सहा-सहाचे गट करून. मी विचारलं तर म्हणाले की स्पर्धेपर्यंत पाऊस गेलेला असतो, मैदान वाळून खडक झालेलं असतं, चिखलात जोर लावून मारायची सवय लागलेल्या पोराचा पास तिथं सरळ लाइनच्या बाहेर जातो. ही एक गोष्ट समजायला नव्या माणसाला एक सीझन लागेल, आणि तो सीझन कोणाचा तरी शेवटचा असेल.

मग एसटीची गोष्ट घ्या. टीममधले निम्म्याहून जास्त पोट्टे बाहेरगावचे आहेत, संध्याकाळी प्रॅक्टिस ठेवली की शेवटची गाडी हुकते, सकाळी ठेवली की लांबच्या पोराला सीझनभर गावात कोणाच्या तरी खोलीवर राहावं लागतं, आणि तिथं त्याच्या जेवणाचं काय होतं हे पाहणारं माणूस लागतं. त्यात ऑक्टोबर म्हणजे सोयाबीनची सोंगणी. मजूर भेटत नाही, आभाळ भरून आलंय, चार एकर उभं आहे, आणि बाप म्हणतो आज वावरात चाल, अन् दुसऱ्या दिवशी सेमीफायनल. अशा वेळी त्या बापाला जो जाऊन भेटू शकतो, त्याच्या धुऱ्यावर उभा राहून बोलू शकतो, तोच त्या पोराला मैदानावर आणतो.

आता तुमची चार नावं. नागपूरच्या कोचचं ज्ञान मोठं असेल, बी लायसन्स सोपं नाही, त्या माणसाबद्दल मला आदरच आहे, पण हप्त्यातून तीन दिवस म्हणजे कोणते तीन दिवस आणि किती वाजता हे कोणी विचारलं का? सकाळी निघून दहा-साडेदहाला पोचला तर तोपर्यंत पोट्टे तासाला बसलेले आणि ऊन डोक्यावर, आणि दुपारनंतर घ्यायची म्हटलं तर गाडीचा प्रश्न. स्टॉपर भाऊचा खेळ मी पाहिलाय, हवेतला बॉल त्यानं कोणाला घेऊ दिला नाही, पण खाणीतल्या पाळ्या फिरत्या असतात, पहिल्या पाळीच्या आठवड्यात तो सकाळी येऊच शकत नाही आणि रात्रपाळी करून आलेल्या माणसाला साडेपाचला शिट्टी वाजवायला लावणं बरं नाही. राहिले दोघं. तासिकेवरचे सर मेहनती आहेत, पण त्यांनाच विचारा, स्टॉपर आणि साइड बॅकमधलं अंतर किती ठेवायचं हे मैदानावर उभं राहून ते सांगू शकतील का. कॅप्टन ताई सांगू शकेल. ती गावातच राहते, शाळा अकराची, सकाळ मोकळी, शिकलेली आहे, त्याच काळ्या मातीत सहा वर्षं खेळलेली आहे. माझं मत तिला आहे. मला फक्त एक अडचण दिसते, बाहेरगावच्या मुक्कामाला पोरांच्या टीमसोबत ती एकटी जाणार नाही, तर तासिकेवरचे सर मॅनेजर म्हणून सोबत जातील, ते काम ते तसंही करूनच राहिले.

नावाच्या कोचबद्दल एवढंच सांगतो. २०२५ मध्ये आपल्या भारताच्या टीमला कोच पाहिजे होता तर १७० अर्ज आले होते, शेवटी तीन नावं उरली, त्यात एक स्टीफन कॉन्स्टंटाइन, जे आधी दोनदा भारताचे कोच राहिलेले, आणि एक स्लोव्हाकियाच्या टीमला युरो स्पर्धेत घेऊन गेलेले स्टेफान तारकोविच. तेव्हाही सगळीकडे असंच चाललं होतं, बाहेरचा घ्या, मोठा घ्या. फुटबॉल फेडरेशननं ऑगस्टमध्ये आपल्याच देशातल्या खालिद जमील यांना घेतलं. हे तेच, ज्यांनी २०१६-१७ ला मिझोरामच्या ऐझॉल क्लबला आय-लीग ही देशपातळीची लीग जिंकून दिली, आणि ऐझॉल म्हणजे आदल्या सीझनला खालच्या लीगमध्ये घसरलेली टीम, परत वर घेतली म्हणून तर ती खेळू शकली. कमी पैशाची टीम, छोटं शहर, तिथलेच पोरं. ते नाव नंतर मोठं झालं, काम आधी केलं होतं.

आणि टायब्रेकर हरलो म्हणून कोच बदलला पाहिजे हे डोक्यातून काढा. पेनल्टी ताज्या पायानं कोणीही मारते, नव्वद मिनिटं पळून झाल्यावर मारायची असते, म्हणून प्रॅक्टिस संपल्यावर, घामेजलेल्या अंगानं, सगळे पाहत असताना रोज पाच-पाच मारायला लावा. नवा कोच कोणीही असो, त्याला हे सांगा.

प्रश्न : सर, मी टीममध्ये मिडफिल्डले खेळतो, बीए दुसऱ्या वर्षाला आहे. पूर्ण गाव कोच ठरवून राहिलं पण आम्हाला कोणीच विचारलं नाही. आमच्यातले सहा जण म्हणतात की बाहेरचा कोच आला तर आम्ही खेळणारच नाही, कारण तो आला की आपले दोन-चार पोट्टे घेऊन येते अन् आम्ही बाहेर बसतो. मलाही तसंच वाटते पण खेळ सोडायची हिंमत होत नाही. काय करावं?
— एक खेळाडू

उत्तर : बाळा, सोडू नको, आणि त्या सहा जणांनाही हे वाचून दाखव.

मी एकोणीस वर्षांचा होतो तेव्हा आमच्या टीमचा कोच सीझनच्या मध्ये बदलला होता, आम्हाला न विचारता, आणि आम्ही अकरा जणांनी मैदानावर जायचं बंद केलं. पहिले आठ-दहा दिवस फार जोर वाटला, कॉलेजच्या गेटवर उभे राहायचो, लोकं पाठीवर थाप मारायचे. मग कॉलेजनं त्या वर्षी टीमची एन्ट्रीच पाठवली नाही. आमचा गोलकीपर शेवटच्या वर्षाला होता, त्यानं त्या उन्हाळ्यात उधारीवर नवे हातमोजे घेतले होते, ते त्यानं एकदाही मॅचमध्ये घातले नाहीत. परीक्षा झाली, तो गावी गेला, वडिलांचं वावर हातात घेतलं आणि परत कधी खेळला नाही. मी अजूनही त्याला भेटलो की खेळाचा विषय काढत नाही. माझ्या आयुष्यातली ती चूक आहे आणि ती मी एकट्यानं केली नाही म्हणून हलकी होत नाही.

युनिव्हर्सिटीच्या पातळीवर खेळायला वय २५ पर्यंतच चालतं, तुझ्याकडे मोजून तीन-चार सीझन आहेत, त्यातला एक रागात घालवू नका. त्यापेक्षा पूर्ण टीमनं मिळून प्राचार्यांना एक अर्ज लिहा, सगळ्यांच्या सह्या, फुटबॉल रजिस्टरमधल्या नावांच्या क्रमानंच करा म्हणजे पहिली सही कोणाची हा वाद नको, आणि अर्ज द्यायला पानठेल्यावरच्या काकांना सोबत नेऊ नका, तुम्हीच जा, कॅप्टन आणि दोन सिनियर. अर्जात कोणाचं नाव मागू नका, गोष्टी मागा. प्रॅक्टिस सकाळचीच राहावी. जो कोच येईल त्याची नेमणूक लेखी असावी आणि निदान सीझन संपेपर्यंत असावी, मधातच बदल नको. आणि नव्या कोचनं टीम निवडायच्या आधी दोन आठवडे सगळ्यांना खेळताना पाहावं, जुने-नवे सगळे. असा अर्ज प्राचार्यांना बाजूला ठेवता येत नाही, कारण त्यात कोणाच्या विरोधात काहीच नाही. आणि बाहेरून दोन पोट्टे खरंच चांगले आले अन् कॉलेजात ॲडमिशन घेऊन नियमानं खेळले तर त्यांच्याशी मैदानावर लढ. तुझा पास मी पाहिला नाही, पण पत्रात तू भीती लपवली नाहीस, हे मला आवडलं.

प्रश्न : कॉलेजात कोचची पोस्ट राहते तरी का? पगार कोण देते? अन् हे डी लायसन्स, बी लायसन्स, एनआयएस काय भानगड आहे ते एकदा साध्या भाषेत सांगा, आमच्या इथं प्रत्येक जण वेगळं सांगते.
— एका खेळाडूचे वडील

उत्तर : दादा, सगळा घोळ इथंच आहे, बरं झालं विचारलं. अनुदानित कॉलेजात जी पोस्ट असते ती शारीरिक शिक्षण व क्रीडा संचालकाची, एकाच माणसानं फुटबॉल, कबड्डी, खो-खो, ॲथलेटिक्स, बुद्धिबळ सगळं पाहायचं. त्यासाठी यूजीसीच्या नियमानं एमपीएड ५५ टक्के, नेट किंवा सेट नाहीतर पीएचडी, आणि वरून पळण्याची परीक्षा, तिशीच्या आतल्या पुरुषाला १२ मिनिटांत १८०० मीटर. फुटबॉलचं लायसन्स त्यात कुठंच येत नाही. म्हणजे नागपूरचा लायसन्सवाला कोच उद्या आला तरी संचालक होत नाही, आणि उद्या जो संचालक होईल त्याला फुटबॉल येईलच असं नाही. पोस्ट रिकामी झाली की लगेच भरली जाते असंही नाही, मग तासिका तत्त्वावर माणूस घेतात, जेवढे तास तेवढे पैसे, सुट्ट्यांत काही नाही. ज्याला आपण कोच म्हणतो त्याला कॉलेज खेळाच्या निधीतून मानधन देतं, ते किती आणि किती महिने हे कॉलेजच्या हातात. म्हणून गावानं नाव सुचवताना सोबत हेही विचारलं पाहिजे की मानधन किती, किती महिन्यांचं, कागद कुठं आहे. तोंडी शब्दावर आलेले दोन चांगले कोच दिवाळीच्या आत निघून जाताना मी पाहिलेत, वेगवेगळ्या कॉलेजात.

लायसन्सचं असं आहे की फुटबॉल फेडरेशनच्या शिडीत डी हे सुरुवातीचं, थोड्या दिवसांचा कोर्स, मग सी, बी, ए आणि सगळ्यात वर प्रो, जे आयएसएल या देशातल्या मोठ्या लीगच्या मुख्य कोचला लागतं. एनआयएस म्हणजे पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था, १९६१ ची, तिथला डिप्लोमा वर्षभराचा आणि सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्सही असतो. तुमच्या गावात ज्याला कोणाला नेमाल त्याला पहिल्याच वर्षी डी लायसन्सला पाठवा, फी कॉलेजनं भरावी, नाही भरली तर समर्थकांनी भरावी. निवडणुकीसारखे फ्लेक्स लावायला तुमच्याकडे वर्गणी जमते ना, तीच वर्गणी. आणि त्यातून उरलं तर बॉल घ्या. पाच नंबरचा बॉल ४१० ते ४५० ग्रॅमचा असायला पाहिजे, तुमच्याकडचे दोन बॉल मी हातात घेतले होते, पाणी पिऊन पिऊन ते केवढे जड झालेले, त्याच्यावर पोट्टे हेडिंगची प्रॅक्टिस करत होते. ते आधी बंद करा.

प्रश्न : तुम्ही ज्याचं नाव घ्याल ते घ्या, पण पोरांच्या टीमले बाई कोच हे मले पटत नाही. पोट्टे ऐकतीन का तिचं? कोच म्हटला की दरारा पाहिजे. उगाच एखादीला पुढं करून तिचीच फजिती काऊन करता?
— जुना खेळाडू, १९९० च्या टीमचा

उत्तर : भाऊ, तुम्ही मन मोकळं लिहिलं आणि तिच्या फजितीची तुम्हाला काळजी आहे हेही दिसलं, म्हणून नीट उत्तर देतो.

हाँगकाँगमध्ये ईस्टर्न नावाचा क्लब आहे. २०१५ च्या शेवटी, सीझन अर्ध्यात असताना, त्यांचा कोच दुसरीकडे निघून गेला आणि क्लबनं चान युएन-टिंग या पोरीला टीम दिली, वय २७. तेव्हाही हेच विचारलं असेल लोकांनी. २०१६ मध्ये तिच्या हाताखाली ती पुरुषांची टीम लीग जिंकली, पुरुषांच्या व्यावसायिक टीमला देशाची सर्वोच्च लीग जिंकून देणारी ती जगातली पहिली बाई म्हणून नोंद झाली. पुढच्या वर्षी आशियाच्या मोठ्या स्पर्धेत चीनच्या ग्वांगझूकडून ७-० नं हरली, तेही खरं आहे, समोरची टीम फारच मोठी होती. फ्रान्समध्ये कोरीन दियाक्र यांनी २०१४ पासून तीन वर्षं क्लेरमाँची पुरुषांची टीम दुसऱ्या डिव्हिजनमध्ये चालवली. म्हणजे पोट्टे ऐकतात.

दराऱ्याचं म्हणाल तर भारताला आजपर्यंत मिळालेला सगळ्यात मोठा कोच हैदराबादचा, सय्यद अब्दुल रहीम, पेशानं शिक्षक. १९५१ आणि १९६२ च्या एशियाडचं सोनं त्यांचं, १९५६ च्या ऑलिम्पिकमधला चौथा नंबर त्यांचा. १९६२ ला जकार्तात जर्नैलसिंग या स्टॉपरच्या डोक्याला मार लागून टाके पडले होते, रहीम साहेबांनी त्याला मागून काढून पुढं सेंटर फॉरवर्डला खेळवलं आणि त्यानं सेमीफायनललाही गोल मारला आणि फायनललाही, दक्षिण कोरियाला २-१ नं हरवलं. तेव्हा साहेबांना स्वतःला कॅन्सर होता, पुढच्या वर्षी ते गेले. डोक्याला टाके असलेल्या माणसाकडून काय होऊ शकतं हे ओळखायला नजर लागते, आणि ती रोज पाहून येते. कॅप्टन ताईकडे ती आहे की नाही हे तुम्ही स्वतः पाहा ना. रविवारी सकाळी ती शाळेच्या पोरींना शिकवते, लांब उभं राहून अर्धा तास पाहा, तुम्ही खेळलेले आहात, तुम्हाला समजेल. आणि समजलं तर ते पानठेल्यावर मोठ्यानं सांगा, कारण तिथं तुमच्या शब्दाला माझ्यापेक्षा वजन आहे.

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत शिकायला आहे. तो सांगते की तिथं कॉलेजच्या फुटबॉल कोचसाठी पूर्ण राज्य भांडते, टीव्हीवर तासन् तास चर्चा. हे खरं आहे का? मग आपलं काय चुकलं?
— एक काकू

उत्तर : काकू, अगदी खरं सांगून राहिला तो, फक्त तिथला फुटबॉल वेगळा, बॉल दोन्हीकडून निमुळता आणि हातात धरून पळायचा. तिथं कॉलेजचा कोच हा पूर्ण वेळेचा, भरगच्च पगाराचा माणूस असतो. अलाबामा युनिव्हर्सिटीचे निक सेबन, सात राष्ट्रीय विजेतेपदं मिळवलेले, १० जानेवारी २०२४ ला रिटायर झाले आणि दोन दिवसांत, १२ तारखेला, केलन डिबोर यांचं नाव जाहीर झालं, तेवढ्या दोन दिवसांत लोकांनी जेवणखाण सोडून अंदाज लावले. भाच्याला सांगा की आपल्या गावातही दोन महिन्यांपासून तेच चालू आहे. जीव दोन्हीकडे तेवढाच लागतो. आपल्याकडे फक्त दोन दिवसांत नाव जाहीर करणारं कोणी नाही, आणि त्यासाठी तुम्ही घरातल्या बायकांनीही प्राचार्यांकडे जायला हरकत नाही, टीममधल्या किती पोट्ट्यांचे डबे तुमच्या गल्लीतून जातात हे मला माहीत आहे.

प्रश्न : मी त्या टीमचा जुना गोलकीपर, सध्या पुण्यात कंपनीत आहे. नवा कोच कोणीही येवो, पण आमच्या सरांचं काय? त्यांना टीमपासून एकदम तोडलं तर ते खचतील, आणि रोज मैदानावर येऊन बसले तर नव्या कोचला काम करता येणार नाही. आम्ही जुने पोरं निरोप समारंभ करणार आहोत, शाल-श्रीफळ तर देऊच, अजून काय करावं?
— एक जुना गोलकीपर

उत्तर : तुझं पत्र मी दोनदा वाचलं. सगळे नव्या माणसाबद्दल विचारून राहिले, सरांबद्दल तू एकट्यानं विचारलं.

रिटायर झालेल्या खेळाच्या सरांना घरी बसवायची काही गरज नाही. आपल्याच नागपुरात हिस्लॉप कॉलेजात खेळ शिकवणारे विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या पोरांना घेऊन स्लम सॉकर सुरू केलं आणि ते काम आज कुठल्या कुठं गेलं. तुमच्या सरांना शाळेतली बारा-तेरा वर्षांची पोरं द्या, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, सकाळीच. कॉलेजची टीम नवा कोच पाहील, आणि तीन वर्षांनी सरांची पोरं त्याच टीमला मिळतील. पहिला एक महिना मात्र त्यांनी कॉलेजच्या प्रॅक्टिसकडे फिरकू नये, हे कठीण आहे, पण त्यांना तूच सांग, तुझं ते ऐकतील.

आणि एक वस्तू आहे. त्या दिवशी सकाळी सरांच्या सायकलच्या कॅरिअरला मी एक रजिस्टर पाहिलं, जाड पुठ्ठ्याचं, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं. त्यांनी उघडून दाखवलं. प्रत्येक पोराचं एक पान. गाव, घरी वावर किती, ओलित की कोरडवाहू, सोंगणी साधारण कधी, जायची शेवटची गाडी किती वाजता, बुटाचा नंबर, कोणता गुडघा दुखतो, घरी फोन केला तर कोणाशी बोलायचं, वडील की मोठा भाऊ की आई. एका पानावर फक्त एवढंच होतं की याची आई सुईणीचं काम करते, रात्री बाहेर असते, याला सकाळी उठवायला माणूस पाठवणे. खेळाचं त्यात फार नव्हतं, ते त्यांच्या डोक्यात होतं.

समारंभात ते रजिस्टर सरांनी सगळ्या पोट्ट्यांसमोर नव्या कोचच्या हातात द्यावं, एवढं जमव. शाल नंतर द्या. आणि फक्कीनं मैदान आखणारा तुमचा जो शिपाई आहे, ज्यानं इतकी वर्षं दोरी धरून सरळ रेषा मारल्या, त्यालाही स्टेजवर बोलवा, तो मागं उभा राहील आणि येणार नाही, त्याला हात धरून आणावं लागेल. तारीख ठरली की मला कळव, मी आदल्या दिवशीच्या मुक्कामी गाडीनं येतो, म्हणजे सकाळची प्रॅक्टिसही पाहता येईल.